नवशिक्यासाठी कमी धक्क्याचं काडतूस

शनिवार, २८ सप्टेंबर. कॉफी झाल्यावर.

हरणाच्या शिकारीचा सीझन दोन महिन्यांवर आला. सीझनआधी घरच्या सगळ्यांच्या तब्येतीची एकेकाची विचारपूस करायची, ही माझी जुनी पद्धत. ती वहीतच केलेली बरी. तोंडी केली की लोक उत्तरं देत बसतात.

मार्लिस कशी आहे? गुडघा सोडून छान. गुडघ्याचा विषय काढला की गुडघा वाढतो, म्हणून बायकोकडे तो काढत नाही.
मेव्हणा नॉर्बर्ट? पायाचा अंगठा सुजलाय. देव त्याचं भलं करो, पण नोव्हेंबरात थोडा दुखला तर जंगलात शांतता राहील.
मुलगा डेल? ठीक. हरीण म्हटलं की अजून पांढरा पडतो. गेला बिचारा आईवर.
सूनबाई ट्रिना? ठणठणीत. शाळेची बस चालवते. मागे पन्नास पोरं किंचाळत असताना जिचा हात हलत नाही, तिला काय धाड भरणार?
माझा उजवा खांदा? उत्तम. वरच्या फळीपर्यंत हात पोचत नाही, पण फळी उंच ठोकली गेलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठी रायफल आता बंद. बाईंनी आयुष्यात हरीण बघितलंय ते मोटारीच्या काचेतून.

बातमी : ट्रिनाला यंदा आमच्याबरोबर शिकारीला यायचंय. सेफ्टीचा कोर्स पास झाली. तिच्यासाठी रायफल आणि काडतूस निवडायची जबाबदारी माझ्यावर आली. म्हणजे कुणी द्यायच्या आत मी घेतली.

बाई चणीने लहान, नवशिकी. धक्का कमी हवा. पहिल्याच दिवशी खांद्याला दणका बसला तर माणूस पुढच्या वेळी घोडा ओढताना डोळे मिटतो, आणि ही सवय लागली की जन्मात जात नाही. असं ऐकलंय.

संकल्प : (१) आठवड्यात काडतूस ठरवणे. (२) सीझनपर्यंत वजन उतरवणे. मचाणावरच्या लाकडी पेटीचं दार अलीकडे अरुंद झालंय.

मंगळवार, १ ऑक्टोबर

ट्रिनाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. आधी माझी मोठी रायफल, तीनशे मॅग्नम, दाखवली, म्हणजे मोठी गोष्ट कशी असते ते कळावं. एकच गोळी झाडली. निशाणाच्या पाटीवर भोक नाही. वारा होता.

ट्रिना म्हणाली, बाबा, झेंडा तर हलत नाहीये.

मी समजावलं की झेंडा तिकडे आहे, वारा इकडे होता.

रायफलने मागे येताना तिच्यावरच्या दुर्बिणीची कड माझ्या भुवईवर टेकवली. थोडं रक्त. ट्रिनाने रुमाल दिला. घरी आल्यावर मार्लिसला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. तिने जखमेकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि बटाटे सोलायला बसली.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

टॅव्हर्नमध्ये मासे खायला सगळे. नॉर्बर्टने माझ्या भुवईवरची अर्धी चंद्रकोर बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, दाजी, कपाटाला दुर्बीण कधी बसवलीत?

या जिल्ह्यात शेंबड्या पोरालासुद्धा ती चंद्रकोर कशाने होते ते माहीत. मी दुर्लक्ष करून मासा खाल्ला. काटा लागला.

मग तो ट्रिनाला आमच्या शिकारीच्या कॅम्पचे नियम सांगायला बसला. हरीण चुकलं की त्या माणसाच्या शर्टाची मागची शेपटी कापायची आणि भिंतीवर ठोकायची. कात्री कायम सगळ्यात नव्या शिकाऱ्याच्या हातात. भिंतीवर नॉर्बर्टच्या स्वतःच्या पाच शेपट्या आहेत. माझी एकही नाही. चाळीस वर्षं तोच लाल-काळा लोकरी शर्ट, अखंड.

नॉर्बर्ट म्हणाला, अगं, दाजींनी गेली सहा वर्षं गोळीच झाडलेली नाही. चुकणार कुठून? झाकली मूठ सव्वा लाखाची!

मी सांगितलं की सहाही वर्षं हरणाचा कोन योग्य नव्हता. कोन योग्य नसेल तर झाडू नये, हे पहिलं सूत्र. ट्रिनाने मान डोलावली. हुशार मुलगी.

बुधवार, ९ ऑक्टोबर

काडतुसाचा अभ्यास. यातलं माझं सगळं ज्ञान स्वतः मिळवलेलं, जुनी मासिकं वाचून आणि चुकांतून. बहुतेक दुसऱ्यांच्या.

टू-फॉर्टीथ्री : धक्का अगदी कमी, पण गोळी हलकी. नेम जरा सरकला की हरीण जखमी होऊन पळतं, आणि ते पाप रात्रंदिवस डोक्यात राहतं. नवशिक्याच्या गळ्यात ते नको. थर्टी-थर्टी : आमच्या दाट झाडीला पुरे, पण लांबवर गोळी खाली पडते. साडेसहा क्रीडमूर : उत्तम, पण नॉर्बर्टच्या पुतण्याकडे आहे, म्हणून नाही. सेव्हन-झिरो-एट : वजनदार गोळी, आणि धक्का माझ्या तीनशेच्या निम्मा.

ठरलं. सेव्हन-झिरो-एट.

अडचण एकच. 'तीनशेहून लहान ते खारीसाठी' हे माझंच वाक्य. नॉर्बर्टने तापलेल्या सळईने फळीवर कोरून कॅम्पमध्ये चुलीच्या वर टांगलंय. त्याला गंमत वाटली होती, मला सन्मान. पण सुनेसाठी अपवाद करता येतो. माझ्यासाठी नाही. वाक्य माझंच ना.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

नवी रायफल आणली. तिची नळी रुळवायला हवी, म्हणून ट्रिनाला न सांगता एकटाच रेंजवर गेलो.

तीन गोळ्या. तीनही एका बशीत मावतील.

खात्री करायला आणखी तीन. कपात मावतील.

खांदा गप्प. डोळे उघडे. गोळी लागल्यावर पाटी हलते, हे मी कितीतरी वर्षांनी स्वतः पाहिलं.

निष्कर्ष : रायफल अजून रुळलेली नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

रुळवतोय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

ट्रिनाचा फोन. बाबा, माझी रायफल मला केव्हा बघायला मिळेल?

मी म्हटलं, घाई करू नये. नळी लोणच्यासारखी असते, मुरावी लागते.

ती म्हणाली, लोणचं मुरेपर्यंत हरणं दक्षिणेला जातील.

मार्लिस मध्येच फोनवर तिला म्हणाली की लाव्हर्न, म्हणजे मी, हल्ली मंगळवारी शीळ घालत घरी येतो. चाळीस वर्षांत इतकी निरीक्षणं तिने केली नव्हती. उद्या रायफल देऊन टाकणे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दिली. ट्रिनाने पहिल्याच गोळीला मध्य गाठला. म्हणाली, बाबा, किती गोड आहे हो ही! तुम्ही पण मारून बघा ना एकदा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मारली तर माझं मंगळवारचं रहस्य उघडं पडणार, मोह आवरला तर... आवरला. म्हटलं, छे, खेळणं आहे ते. माझ्या खांद्याला कळणारसुद्धा नाही.

हे दुसरं वाक्य खरं होतं.

संकल्प : तीनशेच. वर्षातून एकच गोळी. दात ओठ खाऊन. ओठ नकोत, गेल्या वेळी चावला गेला.

शनिवार, २३ नोव्हेंबर. सीझनचा पहिला दिवस. कॅम्प.

सात वाजून गेले असतील. ट्रिनाच्या मचाणाकडून एक गोळी. एकच. आठ टोकांच्या शिंगांचा नर, जागच्या जागी.

ओढून आणायला मी मदत केली. म्हणजे दिशा दाखवली. पोरीने टोपी काढून हरणाच्या मानेवर हात ठेवला. मीही टोपी काढली.

कॅम्पवर नॉर्बर्टने फळीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, दाजी, एवढी मोठी खार आम्ही आजवर पाहिली नव्हती.

मला दिवसभरात दोन हरणं दिसली. कोन बरोबर नव्हता.

रविवार, २४ नोव्हेंबर. दुपार.

हे लिहिताना हात स्थिर आहे. मुद्दाम नोंदवतो.

सकाळी ट्रिना म्हणाली, बाबा, आज तुमच्या मचाणावर बसते. तुमच्याकडून शिकायचंय.

नाही कसं म्हणणार? आम्ही दोघं त्या पेटीत. वजन उतरवायचा संकल्प राहून गेला, त्यामुळे हिटर माझ्या पोटरीला. बर्फाने दार असं गच्च धरलं की लघवीच्या निमित्तानेही बाहेर पडता येईना.

आणि तो आला. दहा टोकं. साठ यार्डांवर थांबला. आडवा. एखाद्या कॅलेंडरवर उभा राहावा तसा.

ट्रिना कुजबुजली, बाबा, कोन?

सहा वर्षांत इतका निर्लज्ज कोन मी पाहिला नव्हता.

तीनशे खांद्याला लावली. घोडा ओढला. टिक्.

काडतूस नळीत चढवायचंच राहिलं होतं. पण माझा खांदा मागे गेला, हनुवटी वर गेली आणि डोळे गच्च मिटले. न झडलेल्या बंदुकीने मला मागे ढकललं. डोळे उघडले तर हरीण चघळत होतं आणि सून माझ्याकडे बघत होती.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच आपली रायफल माझ्या मांडीवर सरकवली. म्हणाली, ही घ्या बाबा. कुणी बघत नाहीये.

मी म्हटलं, मी बघतोय ना.

काय वाक्य गेलं तोंडातून! इतकं चांगलं वाक्य बोलल्यावर माणसाला रायफल घेता येत नाही. परत केली. तीनशे भरली. हरीण माझ्यावर उपकार केल्यासारखं तिथेच उभं.

झाडली.

छपरावरचा बर्फ खाली आला, दार सुटलं. हरीण गेलं. आम्ही दोघांनी बराच वेळ वाकून वाकून रक्त शोधलं. थेंब नाही, केस नाही. एका बर्चच्या झाडाची फांदी मात्र स्वच्छ तुटली होती. ट्रिना म्हणाली, बरं झालं बाबा, जखमी तरी नाही झालं. हे तिने अगदी मनापासून म्हटलं, आणि मलाही तेच एक बरं वाटलं.

तीनशेचा आवाज लपत नाही. कॅम्पच्या दारात नॉर्बर्ट कात्री घेऊनच उभा होता. सुजलेल्या अंगठ्यावर नाचत होता. म्हणाला, या दाजी, भिंत वाट बघतेय.

कात्री ट्रिनाच्या हातात गेली. तिने माझ्या शर्टाचं टोक धरलं आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा कापला.

नॉर्बर्ट ओरडला, ही काय शेपटी झाली? हे तर लोकरीचं बोंड!

ती म्हणाली, नियमात माप कुठे सांगितलंय, नॉर्बर्टमामा? मोठी हवी असेल तर तुमच्या पाच आहेतच की.

सगळे हसले. तुकडा फळीखाली ठोकला, बरोबर 'खारीसाठी' या शब्दाखाली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

घरी. शर्ट मार्लिसला दिला. ठिगळाचं कापड शिवणाच्या डब्यात वरच होतं, त्याच रंगाचं. विचारलं, हे कधी आणलंस?

म्हणाली, तुला कपाटाचं दार लागलं ना, त्याच आठवड्यात.

रविवार, १ डिसेंबर. सीझन संपला.

मार्लिस बरी. नॉर्बर्टचा अंगठा उतरला, जीभ नाही. डेलने हरणाचं सॉसेज खाल्लं, कशाचं ते कुणी सांगितलं नाही. खांदा : दुखतो.

सीझनपुरती माझ्या कपाटात ठेवलेली आपली रायफल ट्रिना परवा घेऊन गेली. रीतसरच आहे, तिचीच ती. त्या रायफलीची जागा गनच्या कपाटात रिकामी दिसते. तीनशे शेजारी उभी आहे, तिच्याकडे बघवत नाही.

फोनवर हा विषय बोलता येणार नाही, मार्लिस ऐकते. पत्र टाकावं. खर्डा :

प्रिय ट्रिना,
तू, डेल, बस आणि बसमधली पोरं, सगळे बरे असाल. एक काम आहे. माझ्या ओळखीतल्या एकाला कमी धक्क्याचं काडतूस हवंय. मी सेव्हन-झिरो-एट सुचवलं. नवी रायफल घ्यायच्या आधी त्याला एखाद्या मंगळवारी तुझी मारून बघायची आहे. काळजी घेईल. चणीने माझ्याएवढाच आहे. बिचारा नवशिका आहे.
वय एकाहत्तर.
उत्तर लवकर लिही.