मुहूर्ताचा रेट

११ एप्रिल
वरचा मजला ॲपवर टाकला. दोन खोल्या, कूलर, गच्ची. लोणारला जाणारे लोक डोणगावात मुक्काम करणारच, कारण थकतात. एका रात्रीचा रेट आठशे. अभ्यास करून ठरवला.

१५ एप्रिल
बुकिंग नाही. स्वस्त दिसलं की लोकांना संशय येतो. बाराशे केला.

१९ एप्रिल, दुपारी
पंचांग घेऊन बसलो. लग्नाच्या प्रत्येक तिथीला रेट तिप्पट. याला डिमांड म्हणतात. बायकोने, वंदनाने, विचारलं, "मेच्या अठरा तारखेले पण? रामरावभाऊच्या पुष्पांजलीचं लगन हाय ना." म्हटलं, ॲपला रामराव कळत नाही. ती भाजी निवडत बसली.

२२ एप्रिल
गल्लीत कोणाचंही लग्न असो, नवरदेवाकडच्यांचा जानोसा आमच्याच वरच्या मजल्यावर. फुकट. म्हणून मांडवात पहिला शेला-नारळ मला. यंदाही मी नाही म्हणणार नाही. फक्त समोरच्या रामरावने स्वतःहून येऊन एकदा विचारावं. मी आधी रेट दाखवीन, मग पूर्ण डिस्काउंट देईन. त्याशिवाय माणसाला किंमत कळत नाही.

३० एप्रिल
आला नाही. लाजत असेल. अठरा तारखेचा रेट आणखी वाढवला, म्हणजे डिस्काउंट मोठा दिसेल.

६ मे
रामराव दारात आला. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. पाण्याच्या टँकरचं बोलून गेला.

९ मे
दगा. जानोसा गल्लीतल्याच शकीलभाईंच्या नव्या घरात. त्यांनी म्हणे स्वतःहून चावी नेऊन दिली. रामरावला जाब विचारला. म्हणाला, "भाऊ, आमच्या शिवमनं तुमचा रेट मोबाइलवर दाखवला. मले कुठं झेपते? अन् तुमच्या धंद्यात मी काऊन आडवं येऊ?" वीस वर्षांचा शेजार, आणि माणूस ॲपवर रेट बघतो.

१६ मे
वंदनाने वरच्या गाद्या आणि कूलर शकीलभाईंकडे पोचवले. मला न विचारता. म्हणते, "पाहुणे का फरशीवर झोपतीन?" घरातलेच फितूर. लग्नाला जाणार नाही.

१७ मे
बुकिंग आलं. उद्याचं, पूर्ण रेटने. मी बरोबर होतो.
संध्याकाळी: गाद्या नाहीत, म्हणून मलाच कॅन्सल करावं लागलं. ॲपने दंड लावला.

१८ मे
गेलो. फक्त जेवायला. शेला-नारळाच्या वेळी सवयीने पुढे जाऊन उभा राहिलो. नाव शकीलभाईंचं पुकारलं. टाळ्या मीही वाजवल्या. रामरावने व्याह्यांशी ओळख करून दिली, "हे आमच्या समोरचे. हॉटेल हाय त्याइचं." व्याही म्हणाले, मग आमाले तिथं काऊन नाही उतरवलं? रामराव माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याइचं बुक असते."
फार वाईट वाटलं. जिलबी घेतली नाही.

१९ मे
जूनमध्ये गल्लीतल्या रुक्मिणीबाईंच्या नातीचं लग्न आहे. ॲपवर ती तिथी उघडून रेट शून्य टाकला.
ॲप शून्य घेत नाही. कमीत कमी किती, ते विचारतंय.