कोरडी हवा खाणारा डबा

डोणगाव,
आषाढ वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री निवृत्तीराव यांना वामनचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकलो आहे असे आपण धरून चालावे.) आपली प्रकृती, वहिनींचा दमा आणि मुंबईतले चाळीचे पाणी ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडचे क्षेम विचाराल तर ते सध्या थोडे कमी आहे. घरात मी एकटा आहे. आपल्या भगिनी सत्यभामाबाई आठ दिवसांपूर्वी सकाळच्या एस.टी.ने साखरखेर्ड्याला आपल्या मातोश्रींकडे गेल्या, आणि चि. आशालाही सोबत नेले. तेव्हापासून पिठले मी स्वतः करतो आणि स्वतःच खातो. दुसरे कोणी ते खायला तयार नाही.

जे झाले ते हवेमुळे झाले. माझा त्यात काही दोष नाही, हे पत्र संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईलच.

आपल्याला आठवत असेल, आपल्या कचेरीत गारव्याचे यंत्र बसले तेव्हा आपण मोठ्या अभिमानाने लिहिले होते की आम्ही दारे-खिडक्या घट्ट लावून बसतो आणि भर चैत्रात कोट घालतो. ते वाचून मला बरेच दिवस आपल्या कोटाचीच स्वप्ने पडत होती. आमच्या गावात वीज आली, पण कोट घालण्याजोगे काही आले नव्हते. म्हणून मी मेहकरच्या अब्दुल गनीकडे कुलर करायला टाकला. अब्दुल गनी म्हणजे धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करणारा कारागीर. ज्यात वारा शिरता कामा नये अशी भांडी जन्मभर केलेल्या माणसाला मी ज्यातून वारा यावा असे भांडे करायला सांगितले. त्याने ते चोख केले, फक्त सवयीने वर घट्ट झाकणही करून दिले. तीन बाजूंना ओला वाळा, आत पंखा, वरून ठिबकणारे पाणी, आणि हे सगळे मधल्या घराच्या खिडकीत बाहेरच्या अंगाला टांगलेले.

वैशाखात त्या डब्याने माझे नाव केले. बाहेर पत्रे तडतडत होते आणि मी भर दुपारी उपरणे पांघरून निजत होतो. शेजारच्या मनकर्णाबाई तूर निवडायला आमच्याकडे येऊ लागल्या आणि एकच सूप चार-चार दिवस निवडू लागल्या. आल्यागेल्याला मी गारव्याचे शास्त्र समजावून सांगत असे. (शास्त्र मला येत नव्हते, पण गार हवेत बसलेला माणूस वाद घालत नाही.) आपल्या भगिनींनी त्याच दिवसांत आशाच्या रुखवताच्या कुरड्या, शेवया आणि पापड करून पत्र्याच्या डब्यांत भरले. गल्लीतल्या बायांना हाताशी घेऊन दीड महिना गव्हाचा चीक काढणे चालले होते. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, बीबी गावच्या भगवानरावांकडे. ते डबेही मधल्या घरातच ठेवले, कारण घरातली ती सर्वांत कोरडी जागा. तेव्हा होती.

मग पाऊस आला, चार दिवस पडला आणि थांबला. आकाश कुंद, वारा बंद. सदरा अंगातून काढताना कातडी सोलल्यासारखा निघे. अशा दिवसांत कुलरची खरी कसोटी, असे मी सर्वांना सांगितले आणि डबा सुरू केला. गारवा आला नाही. मी पाणी वाढवले. गारवा आणखी कमी झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की डबा बाहेरची हवा घेतो आणि बाहेरची हवाच बिघडलेली आहे. मग ती घ्यावीच का? घरातली, एकदा गार केलेली हवा पुन्हा गार केली तर दुप्पट गार होईल. हा विचार आजही मला कागदावर चांगला दिसतो.

डबा आत घेण्यासाठी अब्दुल गनीला बोलावले. तो म्हणाला, “भाऊ, हा डबा कोरडी हवा खाते. आता हवाच पानी पिऊन बसली, तं हा तिले अजून काय पाजीन?” मी त्याला मुंबईच्या कचेरीचा दाखला दिला. त्याने डबा आत ठेवला आणि चहासुद्धा न घेता गेला. मग मी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि उंबऱ्याशी शेणमाती लिंपली. आम्ही अडतीवाले; कोठी लिंपली की आतले आत राहते, एवढे आम्हाला कळते.

आतले आत राहिले. दोन दिवसांत मीठ पाझरू लागले. काड्यापेटीची काडी ओढली की गूळ ओढल्यासारखी गिलगिलीत लागे. दार फुगले, ते उघडायला खांदा लागे. आपल्या भगिनी रोज एकच वाक्य बोलत, ते खिडकीविषयी असे. मी रोज एक घागर जास्त ओतत असे.

आणि अशा वेळी भगवानराव बीबीहून लग्नाच्या याद्यांचे बोलायला आले. मी त्यांना हाताला धरून मधल्या घरात नेले, दाराला खांदा देऊन ते लावले आणि डबा सुरू केला. चाळणीत वाफवायला ठेवलेल्या डाळीच्या फुनक्यांना काय वाटत असेल, ते त्या अर्ध्या तासात मला नीट कळले. भगवानराव सभ्य माणूस. त्यांनी आधी टोपी काढली, मग कोट, मग घड्याळ. आपल्या भगिनींनी होणाऱ्या व्याह्यांपुढे मोठ्या हौसेने रुखवताच्या डब्यातल्या कुरड्या तळून आणल्या. कुरडई तेलात फुलते. ही नुसतीच तळाशी जाऊन बसली होती. तिच्यावर हिरवट लव होती. भगवानरावांनी ताटलीकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “वामनराव, पोरीसंगं हा डबा तं नाही ना देऊन राह्यले?”

लग्न मोडले नाही, हे आधी सांगायला हवे होते. पण आपल्या भगिनी ताटली उचलून स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे डबे अंगणात उपडे केले. दीड महिन्याचे काम होते. सगळ्यावर बुरशी. मग ट्रंक भरली आणि मला म्हणाल्या, “आता ह्या घरात हा डबा राहीन, नाही तं मी. तुमाले घाई नाही. इचार करा आन् मंग कळवा.”

डबा मी त्याच दुपारी अब्दुल गनीकडे पाठवला. त्याने तो घेतला. खिडक्या उघड्या आहेत. पण तसे साखरखेर्ड्याला कळवले तर तो पराभव दिसेल, म्हणून आपल्याला लिहितो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वामन

ता. क. आपण वडील भाऊ. आपला शब्द ती मोडत नाही. खिडक्या बंद ठेवण्याचा सल्ला मुंबईहून आला होता, एवढे दोन ओळींत तिला लिहावे, म्हणजे ती येईल.

ता. क. २. आपले ते चैत्रातले पत्र आत्ता ट्रंकेच्या जागी सापडले. त्यात कोटाच्या पुढे असेही आहे की, “आमचे यंत्र निराळे. तिकडे करतात त्या पाण्याच्या डब्याला खिडकी उघडीच लागते, आणि पावसाळ्यात तो लावूच नका.” ही ओळ माझ्या वाचनात आली नव्हती असे नाही. ओलीने शाई बरीच फुटली आहे, ती ओळ आता माझ्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही. तरी आपण त्याच तारखेचे नवे पत्र, या ओळीशिवाय, पाठवावे.

ता. क. ३. नवे पत्र पाठवू नये. पोस्टमन मघाशी साखरखेर्ड्याचे कार्ड देऊन गेला. चष्मा फुटला होता म्हणून आपले चैत्रातले पत्र मला तिनेच वाचून दाखवले होते, हे माझ्या लक्षातून गेले होते. तिच्या गेले नाही. डबा गेल्याचे मनकर्णाबाईंनी तिला कधीच कळवले आहे. ती यायला तयार आहे. तिला फक्त एक ओळ हवी, माझ्या हातची, की चूक माझी होती. आपण इतकी वर्षे कचेरीत आहात, रोज वरिष्ठांना काही ना काही लिहून देत असाल. ही ओळ कशी लिहितात त्याचा कच्चा खर्डा उलट टपाली पाठवावा. मला सेहेचाळीस वर्षांत कधी लागली नाही. कार्ड आल्यापासून चार कागद फाडले, आणि पाचव्यावर हा ताजा कलम आहे.