अठ्ठेचाळीस रकाने

२८ डिसेंबर, धुळे
समाजाच्या वधू-वर पुस्तिकेचं काम बाहेर द्यायचं नाही. मीच कॉम्प्युटरवर करणार. बैठकीत तसं गरजलो, टाळ्या पडल्या. एकशे चाळीस स्थळं, प्रत्येकाचे अठ्ठेचाळीस रकाने. कॉम्प्युटरची पीएचपी भाषा शिकायला तीन दिवस पुरे. आपली मुलगी दिपमालाही यात आहे. रावेरचे लीलाधरराव म्हणालेत, मुलगी पसंत आहे, पुस्तिकेत माहिती बघून मेळाव्यात शब्द देऊ. म्हणजे चूक चालणार नाही. होणारही नाही.

३१ डिसेंबर, सकाळी ७
जळगावहून दिपमालाचा फोन. ती बँकेत कॉम्प्युटरच बघते. म्हणाली, आबा, रकान्यागणिक वेगळं व्हेरिएबल, म्हणजे वेगळा डबा, कशाला? अख्खी नोंद एका ॲरेत, एकाच पेटीत घ्या, एका ओळीचं काम. मी म्हणालो, गर्दीत कोंबलं की ओळख जाते. प्रत्येक रकान्याला स्वतःचं नाव हवं, हे तत्त्व आहे. म्हणाली, आबा, ही सभा नाही.

४ जानेवारी
अठ्ठेचाळीस नावं हाताने लिहिली. रिकामा रकाना आला की कॉम्प्युटर कुरकुरतो. तोड काढली: रकाना रिकामा असेल तर त्या व्हेरिएबलला हात लावायचा नाही. कुरकुर बंद. हे पुस्तकातही नसेल.

७ जानेवारी
पहिली वीस पानं तपासली. निर्दोष. सचिव अभिमनभाऊ म्हणाले, बाकीची पण बघा ना. मी म्हणालो, यंत्र दमत नाही. पुस्तिका छापायला गेली. आता फक्त भाषण.

१२ जानेवारी, मेळावा, दुपारी २
भाषण अर्ध्यावर सोडलं. लोक पुस्तिका चाळत होते.
दिपमाला, क्रमांक अठ्ठावन्न. 'पहिल्या लग्नाची मुले : दोन.'
सत्तावन्न नंबरचे शिंदखेड्याचे प्रेमराज विधुर आहेत, मुलं त्यांची. दिपमालाचा रकाना रिकामा, म्हणून व्हेरिएबलमध्ये प्रेमरावांची नोंद तशीच राहिली. पुढच्या ब्याऐंशी जणांनाही दोन-दोन.
लीलाधरराव न जेवता निघाले. कॉम्प्युटरची चूक म्हणून सांगितलं. म्हणाले, लपवलं नाही हे बरं केलं.


दुपारी ४
प्रेमराज स्वतः भेटायला आले. म्हणाले, आबा, तुमनी पोरले दोन, माले दोन, बठ्ठा जुळस. सगळं जुळतं म्हणे. मी त्यांना बसवलं. व्हेरिएबल, रिकामा रकाना, आधीची नोंद, सगळं पाऊण तास समजावलं. इतक्या कळकळीने मी सभेतही बोललो नव्हतो. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, तिना दोन्ही पोरेसना नाव काय शेतस?