शेवटच्या माणसाचं काम

हिंटरमूस, १४ फेब्रुवारी, दुपारचे तीन

प्रिय बुर्गलताई,

तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल. दोन दिवस नुसता बर्फ कोसळत होता, आज पहाटे उघडलं. दार मोकळं करता करता माझे खांदे भरून आलेत.

बाबांची तब्येत विचारलीस. खातात-पितात छान. एक्काहत्तरी उलटली तरी पाचलाच उठून स्कीला मेण लावत होते, वर मला टोमणा, "उठा राजे, ताजा बर्फ तुमच्यासाठी थांबायचा नाही!" वीस वर्षं येणारे ते चार डच पाहुणे आज होते. वाट दाखवायला बाबा पुढे, मी शेपटाला.

आणि बर्फ काय सांगू! गुडघ्याएवढा, पिठासारखा हलका, एकाही स्कीची रेघ नाही. पाहुण्यांतली ती जाडी बाई तर आनंदानं किंचाळत होती.

शनिवारी वाल्लीला पाठवू का, आजोबांबरोबर वर जाईल, असं विचारलंयस ना? ताई, पाठवू नकोस. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं.

सकाळची तपासणी तुला आठवत असेल. पुढचा माणूस बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं आपलं बीपर 'शोध'वर ठेवतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात, प्रत्येकाचं वाजतंय ना ते तो ऐकतो. मग त्यानं आपलं परत 'हाक'वर टाकायचं. नाहीतर तो गाडला गेला तर त्याच्या बीपरमधून हाकच येत नाही, शोधणाऱ्यांना काही सापडत नाही. बाबा परत टाकायला विसरले. त्यांनीच मला शिकवलेलं, आणि तेच विसरले.

हा एकच प्रसंग नाही. नाताळात ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून मला विचारत होते, आपण इथं कशाला आलो? मी तुला कळवलं नाही.

बर्गकारच्या उतारावर ते पहिले उतरले आणि त्यांच्या पायाखालचा बर्फाचा थर फुटला. माझी पाचावर धारण बसली. तीस-चाळीस मीटर वाहत गेले, कमरेपर्यंत रुतून थांबले, आणि खालून ओरडतात कसे, "वर मुहूर्त बघताय का रे?" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता बाबा स्वयंपाकघरात सूप ढवळताहेत. उद्या परत त्याच पाहुण्यांना घेऊन जायचं म्हणतात. त्यांना हे मलाच सांगावं लागणार. जातो, सांगून येतो, मग पत्र पुरं करतो.

पाच वाजले.

ताई, वर एक गोष्ट मी गाळली. पुढच्याचं बीपर तपासायचं काम शेवटच्या माणसाचं, म्हणजे माझं. सकाळी मी माझं 'शोध'वर टाकून कानाशी धरलं, बाबांची हाक आलीच नाही. मला तेव्हाच कळलं. तरी मी "ठीक आहे" म्हणालो. गेल्या आठवड्यात पाहुण्यांसमोर त्यांची चूक काढली तर दोन दिवस बोलले नव्हते. म्हटलं, वर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात बसलो की हळूच सांगू. पाळण्यात ते पुढे बसले, मी मागे राहिलो. मग वर पोचल्यावर पाहुणे हसत होते, ऊन पडलं होतं, आणि मी मूग गिळून बसलो.

आत्ता बाबांना सगळं सांगितलं, हेही. वाटलं होतं, ताट भिरकावतील. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग उठले, बीपर काढून टेबलावर ठेवलं आणि वाटाड्यांच्या कचेरीत फोन करून म्हणाले, "कासियान बोलतोय. उद्यापासून माझं नाव काढा." बस्स, एवढंच.

परत येऊन बसले. माझ्या ताटलीत सूप वाढलं आणि अगदी हळू म्हणाले, "रोमेदी, मी विसरलो. तू तर विसरला नव्हतास."

मी सूप संपवलं आणि हे लिहायला बसलो.

वाल्लीला बाबांबरोबर पाठवू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता माझ्याबरोबरही पाठवू नकोस. तिला काय कारण सांगायचं ते तू ठरव, पण मला पाठीशी घालू नकोस.

तुझा,
आज सगळ्यांच्या मागे असूनही गप्प राहिलेला
रोमेदी