रायरतोप्पूची पाटी

रायरतोप्पू, पापनाशमजवळ
२ जानेवारी २०२४

चि. सौ. अखिला हीस वादिराजदादाचे अनेक आशीर्वाद.

कळविण्यास अत्यंत दुःख होते की काल दुपारी कालव्याच्या चिखलात माझ्या डाव्या चपलेस देवाज्ञा झाली. बसच्या नव्या कंडक्टरने मला पुढच्या गावी उतरवले, तिथून कालव्याकाठाने चालत आलो. म्हणाला, रायरतोप्पूला पाटी नाही, म्हणून थांबा नाही. शेजारच्या शेषम्माकाकूंनी कैलासवासी काकांची जुनी चप्पल दिली, आणि या वयातही मला धड चालता येत नाही असे ऐकवले.

आपली वस्ती दोन पंचायतींच्या हद्दीवर, म्हणून दोन्हींकडे गेलो. देवळातला पहिला मान घ्यायचा असला की आपली सात घरे दोघींचीही असतात. पाटीसाठी कोणाचीच नाहीत.

चेष्टा पुरे. काकूंना गुडघ्याच्या शेकासाठी पापनाशमला जावे लागते. पोंगलपर्यंत बस थांबली नाही तर त्यांचा प्रद्युम्न घराला कुलूप लावून आईला चेन्नईला नेणार. मग इथे माझ्याशी मराठीत भांडायला कोणी उरणार नाही.

तंजावूरच्या तुमच्या मराठी संघाला जाग असल्यास कळव. माया पातळ होऊ देऊ नये.
वादिराज

तंजावूर
८ जानेवारी

ती. वादिराजदादांस सा. न. वि. वि.

तुम्ही टोमणे मारत बसा, संघाने काम केले. उद्या पाटी येते आहे: 'सरदार रघोजी नगर', सोनेरी अक्षरांत. आपला मूळपुरुष रघोजी राजवाड्यातल्या हत्तींचा चारा सांभाळायचा, हे मलाही ठाऊक आहे. पण आमचे अध्यक्ष हनुमंतराव म्हणाले, चाऱ्यासाठी कोणी वर्गणी देत नाही.

काकूंना सांगा, बोचके बांधू नका. रागावलात तरी आठवण ठेवावी.
अखिला

रायरतोप्पू
१३ जानेवारी

चि. सौ. अखिला हीस आशीर्वाद.

पाटी पोचली. फारच देखणी. बस तिच्यासमोरून दोनदा न थांबता गेली.

बाई, सोनेरी अक्षरे देवनागरीत आहेत. कंडक्टर तमिळ वाचतो. अनावरण करणाऱ्या हनुमंतरावांनीही पाटीवर काय आहे ते मला हळूच विचारून घेतले. संघात देवनागरी वाचणारी तू एकटी, आणि तू तंजावुरात! काकूंनी विचारले, हे वाचायचे कोणी, हत्तींनी? आणि बोचके बांधायला घेतले.

सगळा मुलूख या जागेला रायरतोप्पू, रावांची बाग, म्हणतो. तेच काल मी सरदारांच्या खाली पांढऱ्या रंगाने तमिळमध्ये लिहिले. आज बस थांबली. कंडक्टर म्हणाला, एवढेच लिहायचे होते तर इतके दिवस काय करत होता? काकू चढल्या, भांडून खिडकी मिळवली आणि माझ्या अक्षराला नावे ठेवत गेल्या. बोचके प्रद्युम्नलाच सोडायला लावणार आहेत.

बस वळल्यावर काकांची चप्पल धुतली, सुटलेला अंगठा शिवला आणि काकूंच्या ओट्यावर ठेवून आलो. संघाला सरदार लखलाभ. तुझी माया मात्र इकडे असू दे.
वादिराज