शैलेंद्रच्या नावाचा कागद

बुधवार, ७ जानेवारी १९९८

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या वेळी, ऑफिसच्या नोटीस बोर्डासमोर, अकरा माणसांच्या देखत, हॅगर्टी नावाच्या गृहस्थाने माझ्या मुलाचा कागद टाचण्यांसकट उपटला आणि विचारलं, "शेली, हे कुठून चोरलंस?"

माझ्या मुलाचं नाव शैलेंद्र आहे. सहा वर्षं इथे आखातात तुमच्या हाताखाली राबतोय, नाव तरी नीट घ्या.

घरी येऊन त्याने हे सांगितलं ते बूट सोडता सोडता, मान खाली घालून. हळू आवाजात, कारण लीना आत पडली होती. सातवा संपत आलाय आणि डॉक्टरांनी सुनेला पलंगावरून उतरायला बंदी केली आहे.

"जाऊ दे आई. खेळाचाच तर कागद."

मग मोजे गुंडाळत — "काँट्रॅक्ट वाढवायचं का ते ईदच्या आधी सांगतो म्हणाला साहेब."

काँट्रॅक्ट एकतीस तारखेला संपतं. कॅलेंडर काढून दिवस मोजले, चोवीस.

गुरुवार, ८ जानेवारी

भूमितीत आधी 'दिलेले' लिहायचं असतं. घाबरलं की तेच बरं पडतं. तर दिलेले —

कागद चोरीचा नाही. मी लिहिलाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हॅगर्टी अमेरिकन. त्याच्या कंपनीत शैलेंद्र इमारतींची थंड हवेची यंत्रं तपासतो. साहेबाला त्यांच्या फुटबॉलचं वेड. पायाने खेळतात तो नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. दर जानेवारीत तो बोर्डावर दोन प्रश्न लावतो. यंदाचा सर्वोत्तम बचावपटू कोण? आणि एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं वाटून घेतात, तेव्हा सगळ्यात आधी कुठला क्वार्टरबॅक उचलावा? क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचं डोकं. ज्याने त्याने आपलं मत लिहून टाचायचं, मग महिनाभर वाद. साहेबाकडून घरी येणाऱ्या सामन्यांच्या कॅसेट बघून तीन वर्षं शैलेंद्रचं मत मी लिहिते. तो आपल्या अक्षरात उतरवून नेतो.

यंदा साहेबाने आपल्या कागदावर बक्षीस दिलंय ते क्वार्टरबॅकला सर्वांत जास्त वेळा जमिनीवर लोळवणाऱ्या धिप्पाड माणसाला. बरोबर आहे, लोळवलेलं मोजता येतं. मी लिहिलं की खरा बचाव कडेला एकटा उभा असतो. कॉर्नरबॅक. त्याच्या बाजूला चेंडू फेकायला कुणी धजत नाही. सबंध सामन्यात तिकडे काहीच होत नाही, आणि काही होत नाही कारण तो तिथे आहे. त्याच्या नावापुढे शून्य असतं. त्या शून्याला बक्षीस द्या.

आणि क्वार्टरबॅक? साहेब म्हणतो, ज्याचा हात लांबवर फेकतो तो घ्या. मी म्हटलं, फेकण्याआधी ज्याची मान चहूकडे वळते तो घ्या. बत्तीस वर्षं मुलींना कोन शिकवले, एवढं मला दिसतं.

यावर हॅगर्टी म्हणाला म्हणे, "इतकं चांगलं शेलीला सुचणार नाही."

माझं कौतुक आणि माझ्या मुलाचा अपमान, एकाच वाक्यात. कुठलं आधी घ्यावं?

शुक्रवार, ९ जानेवारी

लिफ्टचं दार वाजलं की वाटतं कुणीतरी कंपनीचा लिफाफा घेऊन आलं. आज सुट्टी. लिफाफे वाटणार कोण? तरी प्रत्येक वेळी उठले.

शनिवार, १० जानेवारी

ऑफिसातल्या अकीलाचा फोन. तुमच्या तिघांच्या पासपोर्टांचे नंबर पुन्हा सांगा. "सिर्फ रेकॉर्ड के लिए, आंटी."

पासपोर्ट त्यांच्याच तिजोरीत आहेत. उघडून बघ की बाई. मग फोन कशाला? आत काय चाललंय?

नोकरी गेली की व्हिसा जातो. शैलेंद्रचा गेला की लीनाचा आणि माझा त्याच्या मागोमाग. एकतीसला लीनाला तेहतीस आठवडे भरतात. विमानवाले बत्तीसनंतर घेत नाहीत, आणि डॉक्टर तर आत्ताच नको म्हणतात. म्हणजे जाता येणार नाही आणि राहताही येणार नाही. आणि जायचं तरी कुठे? माझा नवरा सदानंद गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकला. तिथे माझं म्हणावं असं एक कपाट उरलेलं नाही.

हे सगळं मी एका कागदाने केलं. मत मांडायची खाज!

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. खालच्या मजल्यावरच्या जुबैदाने काल रोजा सुटायच्या वेळी हरीसची थाळी पाठवली होती. गहू आणि मांस घोटून केलेलं, वर तूप. रिकामी थाळी परत कशी करायची? तिळाच्या वड्या घेऊन गेले. आज गोड बोलायचा दिवस असतो म्हणून सांगितलं.

"मीठा बोलने का दिन? उम्म शैलेंद्र, फिर तुम तो आज चुप बैठती होगी."

उम्म म्हणजे आई, ती मला याच नावाने हाक मारते. आठवड्यात पहिल्यांदा हसले.

वर आले तर समाधान बसलेला. शैलेंद्रबरोबर काम करतो, अकोल्याचा, खरं बोलणारा मुलगा. म्हणाला, "काकू, साहेबाचा राग खेळापायी नाहीच. थो म्हनते, जो मानूस दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या सहीनं लावते, त्याच्या मशीन तपासणीवर भरोसा कसा ठेवू? सहा वर्षांच्या सगळ्या शीटा काढून बसला हाय."

"सापडलं काही?"

"काय सापडन? शैलेंद्रभाऊ पाइप हातानं चाचपल्याबिगर सही नाही करत. पन तोंड उघडूनच नाही राह्यला ना. मी म्हनलं, भाऊ, सांग ना काय हाय ते. तर म्हनते, काही नाही."

समाधान गेल्यावर उरलेल्या वड्या डब्यात भरल्या. वाईट हे आहे की हॅगर्टीचं बरोबर आहे. वर्गात मी मुलींना हेच सांगायचे. आज वहीत खोटं, उद्या संसारात.

रविवार, १८ जानेवारी

हुकूम आला. शनिवारी चोवीसला, सकाळी अकरा वाजता, शैलेंद्रने साहेबाच्या समोर बसून दोन्ही उत्तरं लिहायची. कागद कोरा, खिसे रिकामे.

परीक्षा! पस्तीस वर्षांच्या इंजिनिअरची! नशीब, परीक्षेची तयारी करून घेणं मला येतं.

दुपारी लीनाच्या पलंगावर चादर ताणली आणि शिवणाच्या डब्यातली बटणं मांडली. लाल हल्ल्याची, पांढरी बचावाची. तीन तास. लीना उशीला टेकून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "अहो, लाल बटण परत आपल्याच माणसावर धावतंय."

"कॉर्नरबॅक कुठे उभा राहतो?" मी विचारलं.

त्याने बोट चादरीच्या मधोमध ठेवलं.

तीन वर्षं माझ्या बाजूला सोफ्यावर बसून याने कॅसेट पाहिल्या. "तू बघायचास ना?"

"बघायचो." माझ्याकडे न पाहता.

सहा दिवस. हा नापास होणार.

मंगळवार, २० जानेवारी

समाधानने त्या कागदाची झेरॉक्स आणून दिली. सगळा गुंता तिथेच आहे, आणि एवढा ढळढळीत की मला लाज वाटली.

कागदाच्या ऐन मध्यावर, वाक्य अर्धवट असताना, शैलेंद्रने लिहिलंय — पी.टी.ओ. आणि खालच्याच ओळीवर वाक्य पुढे चालू. पान उलटायचं काही कारण नाही, निम्मा कागद शिल्लक आहे.

माझं पान तिथे संपलं होतं. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पी.टी.ओ. लिहिलं, शाळेत लागलेली सवय. त्याने तेही उतरवलं.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर बर्नडेट सांगत, कॉपी पकडायची तर उत्तर वाचू नका, चुका वाचा. बत्तीस वर्षांत याच खुणेवर मी किती जणी उभ्या केल्या! आणि हॅगर्टीने एका नजरेत माझ्या मुलाला उभा केला. कॉन्व्हेंटात असता तर सिस्टरांचा लाडका झाला असता.

पण भीती वेगळीच बसली. तो न वाचताच उतरवतो. एकही ओळ न वाचता. तीन वर्षं मी ज्याच्याशी वाद घालत होते असं मला वाटत होतं, तो ऐकतच नव्हता. मग नेत कशाला होता? नोकरीच्या भीतीने? साहेबाला खूश ठेवायला? असा मुलगा मी वाढवला?

विचारायचा धीर नाही. मला!

गुरुवार, २२ जानेवारी

लीनाचं बीपी वाढलं. नोकरीचं तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

साडेबाराला घरी आला. मी दारातच उभी होते. साडेदहापासून.

"काय लिहिलंस?"

"नाव."

"आणि?"

"खाली सही."

कोरा कागद सही करून दिला. हॅगर्टीने विचारलं, मग कुणी लिहिलं होतं? तीनदा विचारलं म्हणे. शेवटी साहेब म्हणाला, बुधवारी दुपारी ऑफिस ईदसाठी बंद होईल, त्याआधी पत्र मिळेल.

माझा तोल गेला. "माझं नाव घ्यायला जीभ झडली होती? आई लिहिते म्हणायचं! म्हातारीची हौस म्हणायचं!"

"तुझा व्हिसाही त्याच्याच सहीवर आहे, आई."

"मग हा उद्योग केलास कशाला? एक ओळ तू वाचलेली नाहीस. पी.टी.ओ.सकट उतरवलंस. मला कळत नाही असं वाटलं?"

तो खुर्चीवर बसला. चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते, नंतर मला ते बदलायचा मोह होईल.

"बाबा गेल्यावर तू इथे आलीस. चार महिने त्या एसीसमोर बसून होतीस. जेव म्हटलं की जेवायचीस. बोलायची नाहीस. लीना घाबरली होती. साहेबाने कुणाला तरी पोचवायला दिलेली कॅसेट माझ्याकडे होती, मी सहज लावली. आणि तू म्हणालीस, 'तो मुलगा चुकीच्या कोनात धावतोय.' एवढंच. मी आत जाऊन लीनाला उठवलं, म्हटलं, आई बोलली. दुसऱ्या दिवशी साहेबाकडे आणखी कॅसेट मागितल्या. तर म्हणाला, बोर्डावर मत लावणाऱ्यांनाच मिळतात. मला तो खेळ आवडत नाही, आई. मला काही कळतच नाही त्यातलं. मी कॅसेट बघायचो तेव्हा तुझ्याकडेच बघायचो."

लीना आतून म्हणाली, "आई, हे रोज मला येऊन सांगायचे, आज तुम्ही खेळावरून किती वेळ भांडलात ते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मोहरी हवी होती असं काहीतरी सांगितलं.

रविवार, २५ जानेवारी

चार महिने? मला वाटलं होतं, पंधरा दिवस.

सोमवार, २६ जानेवारी

एम्बसीत झेंडावंदन होतं, गेले नाही. पहाटे साहेबाच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता. हॅगर्टी तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसला आला असेल. बरं आहे, सावकाश वाचेल. त्याला लिहिलेलं पत्र समाधानच्या हाती दिलं. शैलेंद्रला सांगितलेलं नाही. इंग्रजीत लिहिलं, त्याची नक्कल इथे मराठीत.

"श्री. हॅगर्टी, तो कागद माझा आहे, त्याआधीच्या दोन वर्षांचेही माझेच. तुम्ही कॉपी पकडलीत, ती पद्धत अचूक होती. माझ्या मुलाने ज्या कारणासाठी ते उतरवले त्याचा नोकरीशी संबंध नाही, आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्या तपासणीच्या सह्या त्याच्याच आहेत. सहा वर्षांत त्याच्या बाजूला काही बिघडलं नाही, याची तुमच्याकडे कुठेच नोंद नसेल. माझ्या कागदाचा मुद्दा तोच होता, पुन्हा वाचा. तरी शंका असेल तर कुठलीही न पाहिलेली कॅसेट लावा, फेकण्याच्या आधी थांबवा, चेंडू कुठे जाणार ते मी सांगेन. शिक्षा द्यायची असेल तर व्हिसा माझा रद्द करा, एकटीचा. पासपोर्ट तुमच्या तिजोरीत आहे, मी कुठे पळून जाणार नाही. उत्तर लेखी हवं, माझ्या नावावर, बुधवार दिनांक २८ जानेवारी, दुपारी बारा वाजण्यापूर्वी. — पुष्पलता सदानंद गुप्ते."

पत्र पानाच्या तळाशी आलं होतं. पी.टी.ओ. लिहिलं नाही.