डबल बेलशिवाय

रविवार, संध्याकाळचे सात, वारजे

बाबा आज हसले. हे आधी लिहून ठेवते.

एका डोळ्याची नजर गेली आणि त्यांची बस सुटली. तीस वर्षं कात्रजच्या गाडीवर ड्रायव्हर होते, आता दिवसभर खिडकीत बसतात. वर्षभर मी त्यांच्यासाठी गेम शोधतेय. मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडायचा दिला, तर म्हणाले, "हे काय मोठ्या माणसाचं काम आहे?" टीव्हीवर रेसिंगचा लावून दिला, तर लाल सिग्नलला थांबले आणि शेवटचे आले. वर मलाच विचारतात, "बाकीच्यांना लायसन्स दिलं कोणी?"

आज लॅपटॉपला स्टिअरिंग जोडून बस चालवायचा गेम लावला. पहिल्या स्टॉपपर्यंत झकास नेली. प्रवासी चढले, दारं मिटली, आणि बाबा हलेचनात. लॅपटॉप अडकला का? की दुसराही डोळा...?

"बाबा, निघा ना!"

"बेल कुठे दिलीये?"

कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गेम बनवणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार? पण मी तर त्यांची मुलगी. मला कसं सुचलं नाही?

चहाच्या कपावर चमचा दोनदा वाजवला. गाडी निघाली. तेव्हाच हसले.

तीन फेऱ्या झाल्यावर स्टिअरिंग पुसत म्हणाले, "उद्या सहाची पहिली गाडी आहे. ड्युटीवर वेळेत ये."

वर्षभरात त्यांच्या तोंडून 'उद्या' पहिल्यांदा ऐकला. तो चमचा घासायला टाकलेला नाही.